गेममधील स्किन विकत घेताना: खाते, हिशेब आणि खरेदीचा क्रम

बीजीएमआय (बॅटलग्राउंड्स मोबाइल इंडिया), फ्री फायर मॅक्स, व्हॅलोरंट अशा नेमबाजीच्या खेळांमध्ये बंदुकीची स्किन म्हणजे तिचे बाह्य रूप, पात्राचा पोशाख, इमोट म्हणजे पात्राचे हावभाव किंवा नाच, पॅराशूट अशा शोभेच्या वस्तू पैसे देऊन घेता येतात. बीजीएमआय आणि व्हॅलोरंटमध्ये त्यांनी केवळ रूप बदलते, गोळीचा मारा बदलत नाही. फ्री फायरमध्ये मात्र अनेक बंदुकांच्या स्किनला मारक्षमता किंवा पल्ला किंचित वाढवणारे गुण जोडलेले असतात, त्यामुळे वस्तूचे वर्णन उघडून वाचावे. आवडत्या खेळातील पोशाखावर स्वतःचे पैसे खर्च करण्यात गैर काही नाही, परंतु या दुकानांची मांडणीच अशी असते की एकूण किती रुपये गेले हे चटकन लक्षात येत नाही, आणि म्हणून खरेदीचा क्रम दुकानाने नव्हे तर खेळाडूने ठरवला पाहिजे.

सर्वप्रथम आपले खाते तपासावे. विकत घेतलेली स्किन ही आपल्या मालकीची होत नाही. कंपनी त्या खात्यापुरती ती वापरण्याची परवानगी देते. २ सप्टेंबर २०२० रोजी भारतात पबजी मोबाइलवर बंदी आली आणि त्याच वर्षी ३० ऑक्टोबरपासून इथल्या खेळाडूंसाठी खेळ बंद झाला, तेव्हा पैसे देऊन जमवलेले पोशाख कुणालाही वापरता येईनात. २ जुलै २०२१ रोजी त्याच खेळाची भारतीय आवृत्ती म्हणून बीजीएमआय आल्यावर जुन्या खात्यातील सामान काही काळ इकडे आणता आले, पण तीही कंपनीने दिलेली सवलत होती, खेळाडूचा हक्क नव्हे; शिवाय पुढे जुलै २०२२ ते मे २०२३ या काळात बीजीएमआयसुद्धा ॲप स्टोअरवरून काढलेले होते. वस्तू खात्यालाच बांधलेली असल्यामुळे गेस्ट खात्यावर, म्हणजे कशाशीही न जोडलेल्या तात्पुरत्या खात्यावर, कधीही पैसे खर्च करू नयेत. आधी ते ईमेल किंवा समाजमाध्यमाच्या खात्याशी जोडावे आणि मगच दुकान उघडावे.

त्यानंतरचे काम म्हणजे किंमत रुपयांत मांडणे. दुकानात किंमत यूसी, डायमंड किंवा व्हीपी अशा खेळातील चलनात लिहिलेली असते आणि ते चलन ठरावीक गठ्ठ्यांतच विकले जाते. समजा, वस्तू ४०० नाण्यांची आहे आणि गठ्ठे ३०० व ६०० नाण्यांचे आहेत. ६०० नाण्यांना ७५० रुपये पडत असतील, तर ती वस्तू ५०० रुपयांची नसून आज तुमच्या खिशातून जाणारे ७५० रुपये हीच तिची किंमत आहे, कारण उरलेली २०० नाणी परत रुपयांत बदलून मिळत नाहीत आणि पुढच्या खरेदीचे निमित्त होऊन खात्यात पडून राहतात. अपग्रेड होणाऱ्या बंदुकीच्या बाबतीत आणखी जपावे लागते. जाहिरातीत दिसणारे रूप शेवटच्या पातळीचे असते आणि तिथे पोहोचण्यासाठी लागणारे साहित्य निराळे मिळवावे लागते, तेव्हा सर्व पातळ्यांचा खर्च एकत्र लिहून पाहावा.

आता सर्वांत महत्त्वाची पायरी: वस्तू थेट विकली जाते आहे की क्रेट (आत काय निघेल हे आधी न कळणारी पेटी) आणि फिरकी (पैसे देऊन फिरवायचे चक्र) यांतून नशिबावर सोडली आहे, हे पाहणे. ॲपलने २०१७ पासून आणि गूगलने २०१९ पासून अशा पेट्यांमधील शक्यता जाहीर करणे बंधनकारक केले आहे, त्यामुळे क्रेटच्या पडद्यावरील माहितीच्या चिन्हात ती टक्केवारी सापडते. ती नुसती वाचू नये, तिचा हिशेब करावा. दर वेळी १ टक्का शक्यता असेल तर १०० वेळा क्रेट उघडूनही हवी ती वस्तू न मिळण्याची शक्यता जवळजवळ ३७ टक्के उरते. ‘शंभरात एकदा तरी मिळेलच’ ही समजूत इथेच फसते. ठरावीक प्रयत्नांनंतर वस्तू देण्याची हमी असेल, तर त्या शेवटच्या प्रयत्नापर्यंतचा एकूण खर्च हीच किंमत धरावी. फ्री फायरच्या फेडेड व्हील नावाच्या चक्रात पहिली फिरकी बहुधा ९ डायमंडची असते, पण आठवी ४९९ ची, आणि आठही मिळून १,०८२ डायमंड होतात. ९ हा आकडा किंमत म्हणून मनात धरणारा खेळाडू मध्येच अडकतो, कारण तोवर झालेला खर्च वाया घालवणे त्याला जिवावर येते. माझे स्पष्ट मत असे आहे की हमी नसलेल्या फिरकीवर पैसे लावूच नयेत. बेल्जियमच्या जुगार आयोगाने २०१८ मध्ये अशा काही पेट्यांना जुगार ठरवले, ते उगाच नव्हे.

स्किन पुढे विकून नफा होईल, या आशेनेही खरेदी करू नये. बीजीएमआय आणि व्हॅलोरंटमधील वस्तू दुसऱ्याला विकता येत नाहीत. काउंटर-स्ट्राइक या संगणकावरील खेळातील वस्तू स्टीम या खेळविक्रीच्या संकेतस्थळाच्या बाजारात विकता येतात, पण ते पैसे स्टीमच्या वॉलेटमध्येच राहतात; शिवाय ऑक्टोबर २०२५ मध्ये या खेळाच्या व्हॉल्व्ह कंपनीने पाच लाल दर्जाच्या स्किनच्या बदल्यात चाकू मिळवण्याची सोय केली आणि चाकूंचे भाव काही तासांत कोसळले.

एवढे करूनही वस्तू हवीच असेल, तर पैसे देण्यापूर्वी एक रात्र जाऊ द्यावी. ‘शेवटचे काही तास’ सांगणारे घड्याळ घाईसाठीच लावलेले असते.

पैसे खेळातील दुकानातून किंवा कंपनीच्या अधिकृत टॉप-अप संकेतस्थळावरूनच द्यावेत. टेलिग्रामवर किंवा इन्स्टाग्रामवर निम्म्या दरात यूसी देऊ करणाऱ्याला पासवर्ड किंवा ओटीपी कधीही देऊ नये. फसवणूक झालीच तर ताबडतोब १९३० या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावर तक्रार नोंदवावी. फोन मुलांच्या हाती जात असेल तर प्ले स्टोअरच्या सेटिंग्जमध्ये प्रत्येक खरेदीसाठी पडताळणी सक्तीची करावी, आयफोनवर स्क्रीन टाइममधून ॲपमधील खरेदी बंद ठेवावी. फोर्टनाइटमध्ये एका बटणाच्या दाबाने नकळत खरेदी होत होती, या कारणावरून एपिक गेम्सला अमेरिकेत २०२२ च्या तडजोडीत परताव्यासाठी २४.५ कोटी डॉलर मान्य करावे लागले, यावरून हा धोका किती खरा आहे ते कळते. बीजीएमआय सुरू होताना अठरा वर्षांखालील खेळाडूंसाठी दिवसाला ७,००० रुपयांची खर्चमर्यादा जाहीर झाली होती, पण सामान्य घरासाठी ही मर्यादा फारच मोठी आहे. महिन्याचा आकडा पालकांनी मुलांशी बोलून स्वतः ठरवावा.

खरेदी होताच ईमेलवर आलेली पावती आणि ऑर्डर क्रमांक जपून ठेवावा. वस्तू चुकून घेतली गेली असेल तर ती न वापरता प्ले स्टोअरवर ४८ तासांच्या आत परताव्याची विनंती करावी, आणि तिथे नकार मिळाला तर खेळाच्या ग्राहक सेवेकडे पावतीसह लिहावे. कंपनीला न कळवता परस्पर बँकेकडून व्यवहार उलटवण्याचा प्रयत्न मात्र टाळावा, कारण त्यामुळे संपूर्ण खातेच बंद होऊ शकते.