गाडीच्या ट्रिमला विनाईल रॅप: घरी करायचं की दुकानात द्यायचं?

विनाईल रॅप म्हणजे मागे गोंद असलेली प्लास्टिकची पातळ फिल्म, ती गाडीच्या पट्ट्यांवर, कव्हरांवर चिकटवायची. आधी निकाल सांगतो, मग पद्धत. सपाट पट्टी असेल, म्हणजे खिडकीखालची क्रोमची पट्टी, दारांमधले काळे खांब किंवा गिअरजवळचं चकचकीत प्लास्टिक, तर घरी करा. आरशाचं कव्हर, दाराचं हँडल, समोरची क्रोम ग्रिल असं गोल आणि खाचाखोचांचं असेल तर दुकानात द्या, काहून की तिथं विनाईल सगळ्या बाजूंनी ताणावं लागतं आणि जास्त ताणलेलं विनाईल ऊन लागलं की मागे सरकतं न भाऊ.

आता नागपूरचा मुद्दा, जो बाहेरच्या व्हिडिओत कोणी सांगत नाही. मी पहिल्यांदा हे एप्रिलमध्ये सकाळी अकराला पोर्चमध्ये करायला बसलो. पट्टी हात लावू देईना इतकी तापलेली, विनाईल च्युइंगमसारखं लिबलिबीत झालं आणि गोंदाने टेकताक्षणी असं धरलं की उचलून सरळ करायची सोयच राहिली नाही, दीड फुटाचा तुकडा फेकून दिला. या फिल्मचा गोंद दाबाने चिकटतो आणि जितका गरम तितका लवकर पकडतो, म्हणून २० ते २५ अंशात काम सगळ्यात सोपं जातं. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ पर्यंत जातो, तेव्हा दिवाळी ते होळी हाच सीझन समजा आणि तोही सावलीत. पावसाळ्यात खाचेत पाणी राहतं, तेव्हा नकोच.

सामान घेताना एकच गोष्ट विचारा, फिल्म कास्ट आहे की कॅलेंडर्ड. कॅलेंडर्ड स्वस्त आणि जाड, रोलरमध्ये दाबून बनवलेली, ती हळूहळू आकसते आणि कडेला गोंदाची रेघ दिसायला लागते. कास्ट पातळ असते आणि वळणावर बसते. थ्रीएम आणि एव्हरी डेनिसन या दोन्ही कंपन्यांची कास्ट मिळते, मागे हवा निघायला बारीक नाळ्या असलेली घ्या, नवशिक्याला तीच वाचवते. सोबत फेल्टची कड असलेली स्क्वीजी, म्हणजे फिल्म दाबून बसवायची पट्टी, नवी कटर ब्लेडं, गरम हवा फेकणारी हीट गन आणि पुसायला आयसोप्रोपिल अल्कोहोल.

खरं काम सफाईचं आहे. शॅम्पूने धुवा, वाळवा, मग अल्कोहोलने पुसा, कडेच्या फटीत बोट घालून पुसा कारण विनाईल तिथूनच सुटतं. डॅशबोर्डला चकाकी आणायचं सिलिकॉन पॉलिश कधी मारलं असेल तर दोनतीनदा पुसा, त्याच्यावर काहीच टिकत नाही. क्रोमवर बोअरच्या पाण्याचे पांढरे डाग किंवा खड्डे असतील तर ते आधी काढा, नाहीतर वरून तसेच दिसतात, विनाईल म्हणजे काही पुट्टी नाही. खरखरीत दाणेदार प्लास्टिकवर लावूच नका, चिकटायला जागाच मिळत नाही. आणि पॅसेंजरच्या एअरबॅगच्या झाकणावर तर अजिबात नाही, ते फाटूनच उघडतं.

लावताना तुकडा चहूबाजूंनी इंचभर मोठा कापा, मागचा कागद एकदम न काढता थोडाथोडा सोडा, आणि स्क्वीजी मधून कडेकडे, आधीचा पट्टा थोडा झाकत फिरवा. सुरकुती आली तर ओढाताण करू नका, उचला, हलकी गरम करा, स्वतःच सपाट होते, मग परत बसवा. वळणावर गरम करून बसवा, पण फार ताणू नका. जास्तीचं कापताना हात हलका ठेवा, गाडीच्या पेंटवर ब्लेड चालली तर शोरूममध्ये खर्च वेगळाच. दुकानवाले त्यासाठी धाग्याची टेप वापरतात, धागा ओढला की फिल्म कापली जाते, ब्लेड लागतच नाही, घरीही मिळाली तर वापरा. कडा आत दुमडून शेवटी हीट गनने कास्ट फिल्मला साधारण ९० अंशाचा शेक द्या म्हणजे ती ताण विसरते. ही पायरी आळशीपणाने सोडली की महिनाभरात कोपरे वर येतात, माझे आलेत. नंतर दोन दिवस गाडी धुवायची नाही.

दुकानात देणार असाल तर भाव नंतर विचारा, आधी विचारा की पट्टी काढून करता की जागेवर, ब्लेड पेंटवर चालवता की टेप, आणि शेक देता का. काढून करणारा जास्त पैसे घेतो, पण त्याच्या कडा आत वळलेल्या असतात, बाहेर उघडं टोक राहत नाही. आधी केलेलं एखादं काम वर्षभर ऊन खाल्लेलं दाखवायला सांगा, ताजं काम सगळ्यांचंच छान दिसतं राजेहो.

पुढे काढायचं झालं तर थंड असताना ओढू नका, तुकडे पडतात. हलकं गरम करून पृष्ठभागाला जवळजवळ टेकत हळूहळू मागे ओढा, उरलेला गोंद गोंद काढायच्या लिक्विडने पुसा आणि लगेच धुऊन टाका.