अंगणातल्या हवेची नोंद कशी ठेवावी

नवतपा, म्हणजे मेअखेरचे कडक उन्हाचे नऊ दिवस, लागला की नागपुरात जो तो म्हणतो, "लय तापून राहिलं." पण किती वाजता, सावलीत की उन्हात? एवढं लिहिलं की नोंद झाली.

प्रयोगशाळेचं सामान विकणाऱ्या दुकानातून दोन सारखे थर्मामीटर आणा. तापाचा चालत नाही, तो 42 च्या आसपास संपतो. आधी दोन्ही एकाच सावलीत पंधरा मिनिटं ठेवा आणि फरक पडला तर लिहून ठेवा. मे 2024 मध्ये शहरातल्या एका स्वयंचलित केंद्रावर 56 अंश दिसले आणि मोबाइलवर एकच गहजब झाला. निघाला सेन्सरचा बिघाड.

जागा महत्त्वाची. स्लॅबवर ठेवाल तर स्लॅबचं तापमान मिळेल, हवेचं नाही. वेधशाळेत थर्मामीटर पांढऱ्या, झडपांच्या लाकडी पेटीत, जमिनीपासून सव्वा ते दोन मीटरवर असतात. आपल्याला उत्तरेकडचा व्हरांडा पुरे. भिंत, कूलर आणि एसीचं बाहेरचं युनिट दूर हवं.

आता हवेतला दमटपणा कळावा म्हणून दुसऱ्या थर्मामीटरच्या फुग्याला जुन्या मलमलीची पट्टी गुंडाळा. खळ धुऊन काढलेली असावी. तिचं टोक पाण्याच्या बाटलीत सोडा. पाणी आरओचं घ्या, नाहीतर आठवडाभरात क्षार साचून पट्टी कडक होते. वाचण्याआधी पुठ्ठ्याने वारा घाला, ओल्याचा आकडा उतरायचा थांबला की दोन्ही टिपा.

मेमधल्या दुपारी कोरडा 44 आणि ओला 23 दाखवत असेल, तर दोन्हींच्या तक्त्यावरून सापेक्ष आर्द्रता निघते जेमतेम 15 टक्के, म्हणजे त्या तापमानाला हवेत मावेल त्याच्या एवढीच टक्के वाफ. म्हणूनच आपला खसचा कूलर चालतो: पाणी उडून जाताना हवेतली उष्णता घेतं. मात्र तो हवेला ओल्या आकड्याखाली नेऊ शकत नाही. जुलैत कोरडा 30, ओला 26 झाला की आर्द्रता सत्तरीपार जाते. कूलर नुसता दमटपणा वाढवतो.

वेळ रोज तीच ठेवा. हवामान खात्याच्या सकाळी साडेआठ आणि संध्याकाळी साडेपाचच्या वेळा सोयीच्या. सोबत वारा, ढग, पाऊस लिहा. चार दिवस तापले म्हणून हवामान बदललं असं मात्र लिहू नका. 'सरासरी' म्हणतात ती तीस वर्षांच्या नोंदींची असते. मैदानी भागात कमाल तापमान किमान 40 आणि त्या सरासरीपेक्षा साडेचार अंश वर असेल, तेव्हा खातं उष्णतेची लाट म्हणतं. 45 गाठलं तर सरासरी बघायचीही गरज नाही.