मीटरनं शून्य दाखवलं म्हणजे सप्लाय बंद आहे असं नसतं

आयटीआयचं इलेक्ट्रिशियन करून आता अप्रेंटिसला लागणाऱ्या पोरांसाठी लिहितोय. फेज, न्यूट्रल, अर्थिंग, स्टार-डेल्टा हे सगळं तुम्हाला येतं असं धरतो. मलापण येत होतं. तरी कुपवाड एमआयडीसीतल्या एका कारखान्यात चौथ्याच महिन्यात मला शॉक बसला, आणि सप्लाय नीट चेक करून मगच हात घातला होता, हे अजून आठवलं की पोटात गोळा येतो.

काम साधं होतं, डीओएल स्टार्टरचा (मोटर थेट लाईनवर चालू करणारा स्टार्टर) कॉन्टॅक्टर, म्हणजे आतला चुंबकावर चालणारा स्विच, बदलायचा. पॅनेलवरचा फीडर, म्हणजे त्या मशीनला सप्लाय देणारा स्विच, बंद केला. त्यावरचं लेबल जुनं होतं, मशीन कधीतरी हलवलेलं आणि लेबल तसंच राहिलेलं, त्यामुळं मी दुसऱ्याच मशीनचा सप्लाय बंद केला. आता ही चूक मीटरनं पकडायला पाहिजे, मीटर असतो कशाला. एसी रेंजला लावून आर, वाय, बी या तीन फेजमधलं आर-वाय, वाय-बी, बी-आर तिन्ही मोजलं. स्क्रीनवर चार-पाच व्होल्ट इकडंतिकडं हलत होते, दोन फेजमधे येतं ते 415 कुठंच नाही. शेजारच्या चालू वायरीमुळं असं थोडं घोस्ट व्होल्टेज दिसतं हे शिकवलेलं, म्हणून मी ते शून्यच धरलं. स्क्रू ढिला केला आणि वायर बोटांनी ओढली.

कोपर पॅनेलच्या दाराला टेकलेलं होतं म्हणून वाचलो. करंट अंगठ्यातून शिरला आणि कोपरातून दाराला गेला, छातीकडं गेला नाही. अंगठ्याला आणि कोपराला मुगाच्या दाण्याएवढे पांढरट डाग पडले, कोपरावरचा अजून आहे. तेव्हा दुसरा हात किंवा पाय कुठं टेकलेला असता तर हे लिहायला मी नसतो.

नंतर मेंटेनन्सच्या काकांनी मीटर कंटिन्युइटीला, म्हणजे तार अखंड असली की बीप देणाऱ्या रेंजला, लावला आणि काळी लीड (मीटरची वायर) प्लगच्या मानेजवळ वाकवली. वरचं रबर चांगलं, आतली तांब्याची तार तुटलेली. एका बाजूला वाकवली की बीप यायचा, सरळ केली की बंद. म्हणजे मी तीन वेळा मोजलं ते कशाशीच न जोडलेल्या मीटरनं मोजलं.

आता जरा डोकं शांत ठेवून वाचा. सप्लाय बंद असला की मीटर शून्य दाखवतो. लीड तुटली असली की शून्य, रेंज चुकीची असली की शून्य, प्रोब (लीडचं टोक) गंजलेल्या स्क्रूवर नीट टेकला नाही तरी शून्य. 415 दिसलं तर मीटर खरं बोलतोय हे कळतं, पण शून्य दिसलं तर काहीच कळत नाही, जोपर्यंत तोच मीटर, त्याच लीडनी, त्याच रेंजला, चालू सप्लायवर लावून बघत नाही तोपर्यंत. म्हणून आधी चालू असलेल्या पॉइंटवर लावा, फेज-न्यूट्रलमधे 230 आलं का बघा. मग तुमच्या कामाच्या जागेवर मोजा. मग परत त्याच चालू पॉइंटवर. तिसरी पायरी सगळे गाळतात, आणि माझ्यासारखी अर्धवट तुटलेली लीड नेमकी मधेच दगा देते, पहिल्या वेळी बरोबर दाखवेल आणि पॅनेलमधे हात वाकडा केला की सुटेल. शेवटी परत 230 आलं तरच मधलं शून्य खरं.

माझी मावसबहीण मिरजेला डीएमएलटी (लॅब टेक्निशियनचा डिप्लोमा) करून लॅबमधे आहे. तिला हे सांगितलं तर ती म्हणाली, दादा आम्ही कंट्रोल, म्हणजे उत्तर आधीच माहीत असलेलं सॅम्पल, लावल्याशिवाय पेशंटचं सॅम्पल घेतच नाही. किटच्या कार्डावर सी ची (कंट्रोलची) रेघ उमटली नाही तर टी ला (टेस्टला) काय आलंय ते बघायचंसुद्धा नाही, टेस्ट फेकून द्यायची. निगेटिव्ह रिपोर्ट द्यायचा तर किट चालतंय हे आधी कळायला पाहिजे. मला आयटीआयच्या दोन वर्षांत कुणी इतकं सोपं करून सांगितलं नव्हतं.

अजून एक. फक्त फेज-फेज मोजून थांबू नका. कंट्रोल वायरिंगमधून एकच फेज फिरून दोन टर्मिनलला आली असेल तर त्या दोघांमधे शून्यच येणार, आणि अर्थला मात्र प्रत्येकी 230 असणार. तीन फेज-फेज, तीन फेज-न्यूट्रल, तीन फेज-अर्थ आणि एक न्यूट्रल-अर्थ, अशी दहा मापं घ्यायची. दोन मिनिटं जातात.

निऑन टेस्टरवर माझा अजिबात विश्वास नाही. तो तुमच्या अंगातून जाणाऱ्या करंटवर पेटतो, रबर मॅटवर कोरड्या हातानं उभं राहिलात तर मिणमिणतो आणि उन्हात दिसतपण नाही. स्क्रू फिरवायला वापरा. हाताची उलटी बाजू लावून बघ म्हणणारा उस्ताद भेटला तर त्याला नमस्कार करा आणि काम दुसऱ्याकडून शिका, तीस वर्षं काही झालं नाही हे त्याचं नशीब आहे, पद्धत नाही. मीटर तपासत असताना जो शेजारी गप उभा राहतो आणि घाई करत नाही, तो चांगला गुरू. आमचे काका तसे आहेत.

व्हीएफडी (मोटरचा वेग कमी-जास्त करणारा ड्राइव्ह) असेल तर सप्लाय काढल्यावर कव्हरवर लिहिलेली मिनिटं थांबा आणि डीसी बस, म्हणजे त्याच्या आतली डीसीची लाईन, डीसी रेंजला मोजा, कपॅसिटरमधे साडेपाचशेच्या वर व्होल्ट बसलेले असतात. घरगुती कामातपण मेन काढला म्हणून निर्धास्त होऊ नका. 2019 च्या महापुराचं पाणी उतरल्यावर सांगलीत आम्ही नातेवाईकांच्या घरांची वायरिंग बघत होतो, तेव्हा एका घरात मेन खाली असूनपण बोर्डात 230 होतं, वरच्या मजल्यावरचा इन्व्हर्टर चालू राहिलेला. तिथं मी आधी मोजलं होतं, म्हणून बोट गेलं नाही.

घाबरून हे काम सोडू नका. मी शॉकनंतर आठवडाभर पॅनेलसमोर उभा राहिलो की हात थरथरायचा, काकांना सांगितलं, त्यांनी महिनाभर शेजारी उभं राहून करून घेतलं. तुम्हालापण वाटलं तर सांगा कुणालातरी, लपवू नका. उद्या शिफ्टला गेलात की पहिलं काम, मीटर कंटिन्युइटीला लावा, दोन्ही प्रोब एकमेकांना टेकवा आणि दोन्ही लीडच्या माना हळूहळू वाकवून बघा, बीप एकदा जरी तुटला तर ती लीड कात्रीनं कापून टाका, म्हणजे दुसरं कुणी उचलणार नाही.