दिवाळीत गावी जाताना: बाबांचा हिशेब फ्लॉपीतून बाहेर काढायचाय

पहिली गोष्ट, नवीन सॉफ्टवेअरला आधी हात लावायचा नाही. दरवेळी मी उलटंच करतो, नवीन टाकून मोकळा होतो अन मग जुना डेटा कुठं गेला म्हणून रात्रभर शोधत बसतो. यावेळी जे आधी सडणार ते आधी काढायचं, म्हणजे फ्लॉप्या, मग सीड्या, मग जुन्या कम्प्युटरची हार्ड डिस्क, अन अपग्रेड सगळ्यात शेवटी.

बाबांनी २००३ पासून घरचा अन वावराचा सगळा हिशेब मायक्रोसॉफ्ट मनीत ठेवलाय, शाळेतून आले की चहा घेऊन बसायचे अन कापसाचा चुकारा, सालदाराची उचल, निंदणाची मजुरी, सोसायटीचं कर्ज, किराणा, सगळं टाकायचे. ते सॉफ्टवेअर कंपनीनं २००९ मध्येच विकायचं बंद केलं. बाबांना म्हटलं बदलू, तर म्हणे "चालू हाये ना, मंग काहून बदलाचं?" चालू आहे हे खरं, पण ज्या कम्प्युटरवर चालू आहे तो जुन्या विंडोज एक्सपीवाला, अन एक्सपीचे अपडेट ८ एप्रिल २०१४ ला बंद झाले, म्हणून त्याला नेट जोडायचंच नाही, मोबाईलचं हॉटस्पॉट पण नाही.

निघायच्या आधीच साडेतीन इंची फ्लॉपी वाचणारी यूएसबी ड्राइव्ह मागवून ठेवायची, तालुक्याला फ्लॉपी म्हटलं तर दुकानातला पोरगा तोंडाकडं पाहतो. फ्लॉपीत मावतं किती तर १.४४ एमबी, आजचा मोबाईलमधला एक फोटो त्यात बसत नाही, पण बाबांची अख्खी वर्षं त्यात आहेत. डबा माळ्यावर, टिनाखाली, मे महिन्यात तिथं काय भट्टी होते ते घरच्यांनाच माहीत, अन वरून पावसाळ्याची ओल. म्हणून प्रत्येक फ्लॉपीचं पत्र्याचं झाकण बोटानं सरकवून आतली काळी चकती पाहायची, पांढरे ठिपके दिसले तर बुरशी आहे, ती फ्लॉपी बाजूला अन सगळ्यात शेवटी, कारण एक बुरशीवाली घातली की ड्राइव्हचं वाचणारं हेड घाण होतं अन पुढच्या चांगल्या फ्लॉप्यांवर पण चरे पडतात. कोपऱ्यातली खिटी सरकवून भोक उघडं करायचं, म्हणजे चुकूनही त्यावर काही लिहिलं जाणार नाही. अन राजेहो, विंडोज विचारते ना की डिस्क फॉरमॅट केलेली नाही, आता करू का, तिथं "नाही". दहा वेळा विचारलं तरी नाही. काढून पुन्हा घालायची, दुसऱ्या ड्राइव्हमध्ये घालून पाहायची. फाईल फ्लॉपीवरून थेट उघडायची नाही, आधी लॅपटॉपवर कॉपी, मग उघडायची.

सीड्यांचं त्यामानानं सोपं आहे, मऊ कपड्यानं मधातून बाहेर सरळ पुसायच्या, गोल गोल नाही. फक्त वरच्या बाजूला, जिथं बाबांनी बॉलपेननं वर्ष लिहिलंय, तिथं खरचटलं असेल तर आशा कमी, कारण डेटाचा थर त्याच बाजूला लेपाच्या अगदी खाली असतो, चमकणाऱ्या बाजूला नाही.

हार्ड डिस्क आयडीई आहे, म्हणजे जुन्या पद्धतीची, रुंद पट्टीच्या केबलवाली. जुना कम्प्युटर सुरू करायच्या आधीच ती काढून आयडीईचं यूएसबी करणाऱ्या कन्व्हर्टरनं लॅपटॉपला लावायची, कन्व्हर्टर घेताना वेगळा पॉवर अडॅप्टरवाला पाहायचा, नुसत्या यूएसबीवर ती डिस्क फिरत नाही. मागं एका दुकानात असाच कम्प्युटर दुरुस्तीला दिला अन त्यानं न विचारता फॉरमॅट मारून दिला, दोन वर्षांचे फोटो गेले, तेव्हापासून कॉपी घेतल्याशिवाय कोणाच्या हातात द्यायचा नाही. कॉपी झाली की डिस्क परत बसवायची, मदरबोर्डवरचा सीआर २०३२ सेल बदलायचा (नाहीतर तारीख मागं कुठंतरी जाऊन बसते), अन हे सगळं सकाळी, संध्याकाळी लाईनचा भरवसा नाही.

आता मनीची फाईल. पासवर्ड बाबांना आत्ताच फोनवर विचारून ठेवायचा, तिथं गेल्यावर "आठवून सांगतो" म्हणतील अन दिवाळी संपेल. कंपनीनं शेवटी मनीचीच सनसेट नावाची फुकट आवृत्ती काढली होती, तिला ॲक्टिव्हेशन लागत नाही, तिचा सेटअप पेन ड्राइव्हवर घ्यायचा. पण नव्या आवृत्तीत जुनी फाईल उघडली की ती बदलते अन मग जुन्यात उघडत नाही, म्हणून उघडायची ती फक्त कॉपी.

जायचं आहे नूकॅशमध्ये, ते हिशेबाचंच दुसरं सॉफ्टवेअर, फुकट आहे. मनीतून एकेका खात्याची क्यूआयएफ फाईल (दुसऱ्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरला वाचता येते ती) काढावी लागते, सगळी खाती एकदम निघत नाहीत, कंटाळवाणं आहे पण इलाज नाही. मात्र नूकॅशमध्ये घेताना सगळ्या फाईली एकाच वेळी द्यायच्या, नाहीतर बँकेतून काढून सोसायटीत भरलेले पैसे दोन्ही खात्यांतून येऊन दुप्पट दिसतात. तारखेचा क्रम विचारला की डोळे उघडे ठेवून निवडायचा, दिवस-महिन्याची अदलाबदल झाली तर ३ एप्रिलला उचललेलं पीककर्ज ४ मार्चला जाऊन बसतं, म्हणजे मागच्याच आर्थिक वर्षात. २००८ च्या कर्जमाफीच्या आसपासच्या नोंदी तर पासबुकाशी एक एक जुळवायच्या, बाबा त्याच आधी पाहतील.

एक राहिलंच, सालदाराच्या हिशेबाच्या एक्सेल फाईली शिवाजी फॉन्टात आहेत. फॉन्ट नसला तर सगळा इंग्रजी अक्षरांचा चिवडा दिसतो. जुन्या कम्प्युटरच्या फॉन्ट्स फोल्डरमधून ती फाईल पण उचलायची, युनिकोडमध्ये (वेगळा फॉन्ट न टाकता कुठंही दिसणाऱ्या मराठीत) बदलायचं काम नंतर सावकाश.

कॉप्या तीन: लॅपटॉपवर, बाहेरच्या हार्ड डिस्कवर, अन एक ताईकडं नागपूरला. नुसत्या पेन ड्राइव्हवर विसंबायचं नाही, कपाटात वर्षानुवर्षं पडून राहिली की तीही विसरते. प्रत्येक कॉपीतून दोन-चार फाईली उघडून पाहायच्या, नुसती साईज बघून खूश व्हायचं नाही. दरवर्षीच्या ३१ मार्चच्या शिलकेची प्रिंट काढायची, म्हणून जाताना कागदाचं बंडल अन प्रिंटरच्या शाईचं काडतूस घ्यायचं, मागच्या वेळी प्रिंटरमधली शाई वाळून गेली होती.

जुना कम्प्युटर भंगारात द्यायचा नाही, बाबांनी त्यावर टॉवेल झाकून ठेवलाय तो तसाच राहू द्यायचा, निदान पुढच्या उन्हाळ्यापर्यंत.