नाशिकच्या मातीची भांडी : या चुका टाळा

भांडं तडकलेलं निघालं की सगळे भट्टीला बोल लावतात. पण तडा बहुतेक वेळा आधीच, माती तयार करताना किंवा वाळवताना पडलेला असतो.

शेतातली काळी माती तशीच चाकावर घेऊ नका. बेसाल्ट झिजून झालेली ही माती पाणी पिऊन फुगते आणि वाळताना आकसते. उन्हाळ्यात रानात पडतात त्याच भेगा वाडग्याला पडतात. बारीक वाळू किंवा भाजक्या भांड्यांचा चुरा मिसळा. मी पाच वाट्या मातीला एक वाटी घेते.

दुसरी चूक मला फार लागली. माझी एक थाळी तांबूस, टणटणीत वाजणारी निघाली. पंधरा दिवसांनी, ऐन पावसाळ्यात, काठाजवळ नखाएवढा टवका उडालेला आणि खळग्यात पांढरा ठिपका! मातीत चुनखडीचा खडा राहिला होता. भट्टीत त्याचा कळीचा चुना होतो, मग तो हवेतला ओलावा शोषून फुगतो आणि वरचा थर उडवतो. म्हणून माती पाण्यात कालवून 80 मेशच्या (इंचभर लांबीत 80 छिद्रं असलेल्या) चाळणीतून गाळाच. खड्याबद्दल शंका असेल तर त्यावर व्हिनेगर टाका. फसफसला तर चुना.

मार्चमधल्या कोरड्या वाऱ्यात काठ आधी सुकतो, तळ ओलाच राहतो. भांडं प्लास्टिकखाली ठेवा, काठ जरा घट्ट झाला की पालथं घाला. चाकावर तळ दाबून घेतला नाही तर मधोमध एसच्या आकाराची चीर येते.

भाजण्याआधी भांडं गालाला लावून बघा. गार लागलं तर आत पाणी आहे. 100 अंशांवर त्याची वाफ भांडं फोडेल. 573 अंशांच्या आसपास मातीतलं क्वार्ट्‌झ एकदम आकारमान बदलतं, तिथे चढताना आणि उतरताना घाई नको.

नक्षीसाठी नमुने हवेत तर लांब जायला नको. 1950-51 मध्ये पुरातत्त्वज्ञ ह. धी. सांकळिया आणि शां. भा. देव यांनी नाशिक आणि संगमनेरजवळचं जोर्वे इथे उत्खनन केलं. जोर्व्याची लाल अंगावर काळ्या रेघांची तोटीची भांडी बघून मला आजही हात शिवशिवतात. तसं करायला गेलात तर तोटी आणि भांडं सारखंच ओलसर असताना जोडा, दोन्हीकडे ओरखडे काढून पातळ माती लावा. सुकलेल्या भांड्याला ओली तोटी लावली तर ती दुसऱ्या दिवशी सकाळी फळीवर पडलेली दिसते.