मधला इंग्रजी थांबा गाळा: गोव्यातून स्पॅनिशचा उच्च अभ्यास करताना या चुका टाळा

डिचोली, पेडणे, फोंडा या भागांतून माझ्याकडे स्पॅनिशच्या एम.ए.ची तयारी करणारी मुले येतात. घरात मराठी, बाजारात कोंकणी, शाळा इंग्रजीतून आणि आजोबांच्या तोंडी थोडी पोर्तुगीज. इतक्या भाषा अंगवळणी पडलेला विद्यार्थी दुसरीकडे सहज मिळणार नाही. तरीही वह्यांत त्याच त्या चुका दिसतात. वाक्य मनात मराठीत उगवते, मग इंग्रजीत शिरते आणि तिथून स्पॅनिशमध्ये उतरते. माझा सगळा आग्रह हा मधला थांबा गाळण्यासाठी आहे.

मराठीत आयते असलेले इंग्रजीत शोधणे

‘यो गुस्तो एल मांगो’ हे चुकीचे वाक्य चांगली तयारी झालेली मुलेही घाईत लिहून जातात, कारण इंग्रजीत ‘मी’ कर्ता असतो. मराठीत मात्र आपण ‘मला आंबा आवडतो’ म्हणतो. स्पॅनिशही तेच म्हणते: ‘मे गुस्ता एल मांगो’. आंबे अनेक झाले की मराठीत ‘आवडतात’, तिकडे ‘गुस्तान’. क्रियापद आंब्याच्या मागे जाते, माझ्या नाही.

दुसरी गोष्ट ‘आ’ या शब्दाची. इंग्रजीतून लिहिणारी मुले तो हमखास विसरतात. ‘मी घर पाहिले’ म्हणजे ‘बी ला कासा’, पण ‘मी मामाला पाहिले’ म्हणजे ‘बी आ मि तीओ’. आपल्या ‘ला’चेच काम आहे हे. आणखी बारकाईने पाहा. ‘मी स्वयंपाकी शोधतोय’ म्हणजे कोणीही चालेल. ‘मी स्वयंपाक्याला शोधतोय’ म्हणजे ठरावीक माणूस, तो कुठे गेला कोण जाणे. स्पॅनिशमध्ये पहिले ‘बुस्को उन कोसिनेरो’, दुसरे ‘बुस्को अल कोसिनेरो’. व्याकरणाच्या जाड पुस्तकात यावर पानेच्या पाने असतात, आणि आपण ते पाचव्या वर्षापासून न चुकता बोलतो आहोत!

भूतकाळाचे दोन प्रकार हा तर परीक्षेतला सर्वांत मोठा अडथळा. ‘लहानपणी आम्ही शिरगावच्या जत्रेला जायचो’ इथे ‘ईबामोस’, ‘गेल्या वर्षी गेलो’ इथे ‘फुइमोस’. इंग्रजीत दोन्हीकडे बहुधा एकच रूप येते, म्हणून इंग्रजीतून विचार करणारा अडखळतो. ‘जायचो’ की ‘गेलो’ हे स्वतःला विचारा, उत्तर बहुतेक वेळा मिळेल. ‘साबीआ’ म्हणजे माहीत होते, ‘सुपे’ म्हणजे कळले. ‘कोनोसीआ’ म्हणजे ओळखत होतो, ‘कोनोसी’ म्हणजे ओळख झाली. मराठीत यासाठी वेगळे शब्दच आहेत.

आणि ‘से मे रोंपिओ एल बासो’. हे वाक्य समजावताना मी फक्त एवढेच म्हणते: ‘माझ्या हातून पेला फुटला.’ वर्गातले चेहरे लगेच खुलतात.

मात्र मराठी सगळीकडे हात देत नाही. ‘त्याने यावे असे मला वाटते’ हे ‘किएरो के बेंगा’शी जुळते; ‘बेंगा’ हे इच्छा-शंकेचे खास रूप, म्हणजे संकेतार्थ. पण ‘तो येईल असे मला वाटत नाही’ यात आपण साधा भविष्यकाळ वापरतो, तर स्पॅनिशला तिथेही ‘नो क्रेओ के बेंगा’च लागते. ‘तू येशील तेव्हा’चे ‘कुआंदो बेंद्रास’ करू नका, ‘कुआंदो बेंगास’ म्हणा. ‘सेर’ आणि ‘एस्तार’ या दोघांना आपल्याकडे एकच ‘आहे’. कायमचे ते ‘सेर’, तात्पुरते ते ‘एस्तार’ हा प्राथमिक वर्गातला नियम आता सोडून द्या. मेलेला माणूस ‘एस्ता मुएर्तो’ असतो, आणि मरण काही तात्पुरते नव्हे. पणजी गोव्यात ‘एस्ता’, पण पणजीत भरणारा सोहळा ‘एस’, कारण तिथे जागा नसून घटना घडते आहे.

पोर्तुगीज येते, म्हणून स्पॅनिश येणारच

हा गोव्यातला खास सापळा. पोर्तुगीजमध्ये ‘बोराशा’ म्हणजे खोडरबर; स्पॅनिश ‘बोराचा’ म्हणजे दारू प्यायलेली बाई. पोर्तुगीज ‘पोल्वु’ हा समुद्रातला आठ पायांचा प्राणी, स्पॅनिश ‘पोल्बो’ म्हणजे धूळ. आपला बटाटाही फसवतो. शब्द मुळात कॅरिबियन बेटांवरच्या ताइनो भाषेतला. स्पॅनिशमध्ये ‘बाताता’ म्हणजे रताळे; बटाट्याला स्पेनमध्ये ‘पाताता’ आणि लॅटिन अमेरिकेत ‘पापा’.

अंदाजाने शब्द वळवण्यापेक्षा ध्वनिबदलाचे नियम शिका. आपली चावी आली पोर्तुगीज ‘शावि’वरून. लॅटिनमधल्या ‘क्ल’, ‘प्ल’, ‘फ्ल’ने सुरू होणाऱ्या पुष्कळ शब्दांचा पोर्तुगीजमध्ये ‘श’ झाला, तर स्पॅनिशमध्ये ‘य’सारखा उच्चार: ‘यावे’. तसाच पाऊस, ‘शुवा’ आणि ‘युबिया’. पोर्तुगीज ‘फारिन्या’ म्हणजे पीठ. स्पॅनिशमध्ये त्यातला ‘फ’ गळून ‘आरिना’ राहिले.

लेखनात एक सूक्ष्म चूक येते. पोर्तुगीजमध्ये भविष्यकाळी संकेतार्थ अजून रोजच्या बोलण्यात आहे. स्पॅनिशमध्ये तो कायद्याच्या भाषेपुरता उरला. निबंधात ‘कुआंदो बिनिएरे’ लिहिले की परीक्षकाला ते जुन्या दस्तऐवजासारखे वाटते.

उच्चाराचे थोडक्यात: ‘तोमाते’तला ‘त’ दंत्य आहे, आपल्या ‘ताटा’तला. इंग्रजीच्या सवयीने त्याचा ‘ट’ करू नका.

रसग्रहण सोडून गोष्ट सांगणे

‘कोमेंतारियो दे तेक्स्तो’, म्हणजे उताऱ्याचे विश्लेषण, या प्रश्नात मुले कवितेचा सारांश लिहून मोकळी होतात. शाळेतले संदर्भासह स्पष्टीकरण आठवते, म्हणून तसे होते. इथे अपेक्षा रसग्रहणाच्या जवळची आहे, पण स्तुतीची नाही. कोण बोलते आहे, वृत्त कोणते, क्रियापदाचा काळ कुठे बदलतो, आणि त्या बदलाने अर्थाचे काय होते, हे दाखवायचे. काळवेळ जरूर सांगा, पण मजकुराशी जोडून. स्पॅनिश कवी लोर्काचा खून 1936च्या ऑगस्टमध्ये झाला, हे त्याच्या प्रत्येक ओळीचे स्पष्टीकरण होऊ शकत नाही.

स्पेन आणि पोर्तुगाल यांची सरमिसळ

जुन्या गोव्यात ज्यांचे शव आहे ते फ्रान्सिस झेवियर पोर्तुगीज होते, असे प्रबंधात लिहिलेले मी वाचले आहे. ते नावार या तेव्हाच्या स्वतंत्र राज्यातले. जन्म 1506, हाविएरच्या किल्ल्यात. ते सहा वर्षांचे असताना, 1512 मध्ये, कास्तिया या शेजारच्या बलाढ्य स्पॅनिश राज्याने नावार जिंकायला सुरुवात केली. त्यांचे आडनावही बास्क भाषेतले, अर्थ ‘नवे घर’. स्पेनमध्ये आजही कास्तियन स्पॅनिशसोबत कातालान, गालिसियन आणि बास्क आपापल्या प्रदेशांत राजभाषा आहेत. हे धरून चालले नाही तर स्पेनची संस्कृती एकरंगी दिसते.

1580 ते 1640 या काळात पोर्तुगालचा मुकुट स्पेनच्या राजांकडे होता, म्हणजे गोव्यावरही त्यांचेच राज्य. तरी कारभार पोर्तुगीजांनी पोर्तुगीज भाषेतच चालवला. प्रबंधासाठी हा विषय फार सुंदर आहे, आणि गोव्याच्या विद्यार्थ्याने तो घ्यावा असे मला मनापासून वाटते. फक्त कागद शोधायला सरळ सेव्हियाच्या इंडीज अभिलेखागाराकडे वळू नका. नावातल्या ‘इंडीज’ने फसगत होते. तिथे मुख्यतः अमेरिका आणि फिलिपिन्सचे कागद आहेत. त्या काळातल्या पोर्तुगालच्या कारभाराचे स्पॅनिश कागद स्पेनमधल्याच सिमांकासच्या अभिलेखागारात आहेत, बाकीचे लिस्बन आणि पणजीत. पणजीचे आधी पाहा. कदंबा बसने तासाभरात पोचता.