नवा मोल्ड चढवल्यावर पहिला चांगला पीस

प्लास्टिकच्या इंजेक्शन मोल्डिंग मशीनवर मोल्ड (साचा) चढवताना, तो क्रेनवर असेपर्यंत त्याचे दोन अर्धे जोडणारी सेफ्टी पट्टी काढू नका. दोन्ही बाजूंचे क्लॅम्प आवळून झाल्यावर, मोल्ड उघडण्याआधी ती काढायची. क्लॅम्पचा बोल्ट मोल्डच्या जवळ हवा, क्लॅम्पच्या मागच्या टोकाखालच्या पॅकिंगच्या जवळ असेल तर सगळा जोर पॅकिंगवरच जातो. नोझलचं (बॅरलच्या टोकाचं) भोक स्प्रू बुशच्या (मोल्डमध्ये माल शिरतो त्या तोंडाच्या) भोकापेक्षा अर्धा ते एक मिलिमीटर लहान ठेवा, नाहीतर स्प्रू (त्या तोंडात गोठलेला माल) अडकतो. मोल्ड सेफ्टी (मधे काही अडकलं तर मशीन थांबवणारी सेटिंग) तपासायला फटीत पुठ्ठ्याची घडी लावा आणि कमी प्रेशरवर मोल्ड बंद करा. मशीन थांबलं नाही, तर सेटिंग चुकलंय. (पुठ्ठा चिकटपट्टीने लावा, हात आत नको!)

आता माल. पीपी (पॉलिप्रॉपिलीन) असेल तर बॅरल 200 ते 230 अंश सेल्सिअस, हॉपरकडून (माल ओततो तिथून) नोझलकडे चढतं; सुकवायची गरज नाही. नायलॉन मात्र 80 अंशांवर चार ते सहा तास सुकवावाच लागतो, नाहीतर पीसवर चंदेरी रेघा येतात.

खरी सेटिंग इथून. होल्डिंग (मोल्ड भरल्यावर मालावर धरून ठेवायचं प्रेशर) शून्य करा आणि पीस साधारण 95 ते 98 टक्के भरेल एवढीच शॉट साइज (एका वेळी आत सोडायचा माल) ठेवा. तिथेच स्विच-ओव्हर, म्हणजे इंजेक्शनवरून होल्डिंगवर जाणं. मग होल्डिंग इंजेक्शन प्रेशरच्या निम्म्यापासून हळूहळू वाढवत न्या. कुशन (शेवटी स्क्रूपुढे उरणारा माल) पाच मिलिमीटरच्या आसपास राहायला हवी. ती शून्यावर आली की होल्डिंग पोचत नाही, आणि दर शॉटला बदलत असेल तर चेक रिंग (स्क्रूच्या टोकाशी माल मागे जाऊ न देणारी रिंग) बघा.

होल्डिंगची वेळ अंदाजाने ठरवू नका. अर्ध्या-अर्ध्या सेकंदाने वाढवा, दर वेळी रनर (पीसपर्यंत माल नेणाऱ्या वाटेत गोठलेला भाग) काढून पीसचं वजन करा. वजन वाढायचं थांबलं, म्हणजे गेट (पीसमध्ये माल शिरायचं तोंड) गोठलं. त्यावर अर्धा सेकंद ठेवा, पुरे.

फ्लॅश (पीसच्या कडेला बाहेर आलेला पातळ माल) दिसली की बरेच जण आधी टनेज (मोल्ड दाबून धरायचा जोर) वाढवतात. त्याआधी पार्टिंग लाइन (मोल्डचे दोन अर्धे मिळतात ती जागा) पुसा आणि स्विच-ओव्हर उशिरा होतोय का बघा. काळा डाग पीसच्या शेवटच्या कोपऱ्यात असेल तर वेंट (हवा बाहेर जायची फट) तुंबलंय. साफ करा, भरण्याच्या शेवटी स्पीड कमी करा.

माल बदलताना पीओएम (अ‍ॅसिटल) आणि पीव्हीसी एकाच बॅरलमध्ये पाठोपाठ कधीच नको, दोन्हींची घातक प्रतिक्रिया होते. मधे पीई (पॉलिथिलीन) घालून बॅरल पूर्ण साफ निघू द्या.